बेन्झिल अल्कोहोल: १.५४०ची परीक्षा

बेन्झिल अल्कोहोलचा ड्रम कारखान्यात आला की त्याचं सॅम्पल आधी आमच्या क्यूसी लॅबमध्ये येतं. दिसायला पाण्यासारखंच, पण बाटली हलवली की जरा तेलकट वाटतं. साध्या काचेची कांडी त्यात बुडवली, तर बुडालेल्या भागाच्या कडा पुसट होतात. काचेचा अपवर्तनांक १.५२च्या आसपास, या द्रवाचा १.५४, त्यामुळे एकातून दुसऱ्यात जाताना प्रकाश फारसा वळतच नाही.

हा अपवर्तनांक आम्ही ॲबे रिफ्रॅक्टोमीटरवर मोजतो. प्रिझम मऊ कापसाने पुसायचे, दोन-तीन थेंब सोडायचे आणि बुडबुडा न अडकवता प्रिझम मिटायचे. आयपीसमध्ये निम्मं वर्तुळ उजळ, निम्मं काळं दिसतं आणि मधल्या रेषेला लाल-निळी झालर असते. नॉब फिरवून ती झालर घालवायची, रेषा फुलीच्या मध्यावर आणायची, मग रीडिंग घ्यायचं. ब्रिटिश फार्माकोपियाची मर्यादा २० अंश सेल्सिअसला १.५३८ ते १.५४१.

एवढ्या अरुंद मर्यादेत तापमानाची हयगय चालत नाही. दर अंशामागे अपवर्तनांक साधारण ०.०००४ने उतरतो. मे महिन्यात प्रिझम ३० अंशांवर राहिले, तर उत्तम मालही १.५३६ दाखवून नापास होईल. म्हणून प्रिझमभोवती वॉटर बाथचं पाणी फिरतं ठेवतो आणि आधी शुद्ध पाण्याचं १.३३३० तपासून घेतो. नवी मुलं घाई करतात ती इथेच. थर्मामीटर पाहिल्याशिवाय मी त्यांना आकडा लिहू देत नाही.

आकडा जुळला म्हणून माल लगेच पास होत नाही. हवा लागून याचं हळूहळू बेन्झाल्डिहाइड होतं आणि त्याचाही अपवर्तनांक १.५४५. त्याचा अंश रिफ्रॅक्टोमीटरला कळत नाही, गॅस क्रोमॅटोग्राफवरच सापडतो.

बॉलपेनची शाई, अत्तरं, पेंट रिमूव्हर यांत हे विद्रावक म्हणून वापरतात. आमच्याकडे ते इंजेक्शनसाठी येतं. एकाच बाटलीतून अनेकदा औषध काढताना आत जंतू वाढू नयेत, म्हणून बहुधा ०.९ टक्के घालतात. मोठ्या माणसाला एवढं सोसतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं यकृत मात्र त्यातून तयार होणाऱ्या बेन्झॉइक आम्लाचा निचरा करू शकत नाही. नळ्या धुण्याच्या सलाईनमधून हे शरीरात जाऊन अमेरिकेत अशी बाळं दगावल्याचं १९८२ साली उघड झालं. त्यांना दिलेलं बेन्झिल अल्कोहोल शुद्धच होतं. म्हणून लॅबने पास केलेलं इंजेक्शनसुद्धा नवजात बाळासाठी भरताना लेबलावर हे नाव आहे का, ते वाचलंच पाहिजे.