‘कम्प्लीटली’ आणि ‘नॉट’

इंग्रजीतील ‘कम्प्लीटली’ ह्या क्रियाविशेषणाचा अर्थ ‘पूर्णपणे’ असा फळ्यावर लिहून दिला की शब्द शिकवून झाला, असा आपला समज असतो. होकारार्थी वाक्यात तेवढ्याने भागते. अडचण उद्भवते ती नकारार्थी वाक्यात.

गेल्या वर्षी एका शाळेत पाचवीच्या वर्गात मी बसलो असता, ‘मला धडा पूर्णपणे समजला नाही’ ह्या वाक्याचे इंग्रजी गुरुजींनी विचारले. एका मुलीने सांगितले : ‘आय डिड नॉट कम्प्लीटली अंडरस्टँड द लेसन.’ गुरुजी म्हणाले, “चूक. ‘नॉट अ‍ॅट ऑल’ हवे.” मुलगी मुकाट्याने खाली बसली. वस्तुतः दोष त्या मराठी वाक्याचा होता. थोडा समजला, थोडा राहिला असाही त्याचा अर्थ होतो आणि मुळीच समजला नाही असाही होतो. बोलताना हा भेद आपण आवाजाच्या हेलाने दाखवितो. कागदावर हेल उमटत नाही. इंग्रजीत मात्र ‘नॉट कम्प्लीटली’ म्हणजे काही झाले, काही उरले. मुळीच नाही असे म्हणावयाचे तर ‘नॉट अ‍ॅट ऑल’. गुरुजींनी एवढेच विचारावयास हवे होते, “बाळ, थोडा तरी समजला ना?”

हा भेद शिकविण्यास शाळेतील पाण्याची घागर पुरेशी आहे. काठोकाठ भरलेली घागर ‘कम्प्लीटली फुल’. दोन पेले पाणी काढले की ‘नॉट कम्प्लीटली फुल’. तळाशी ओंजळभर उरले तर ‘नॉट कम्प्लीटली एम्प्टी’. उपडी केली की ‘कम्प्लीटली एम्प्टी’. मुलांनी घागरीत डोकावून वाक्य म्हणावे. ओंजळभर पाण्यापाशी वर्गात वाद झाला तर तो होऊ द्यावा.

ह्याच ओघात आणखी एक गोष्ट सांगता येते. भरण्याला व रिकामे होण्याला शेवट आहे, उंचीला नाही. म्हणून ‘कम्प्लीटली टॉल’ होत नाही; तेथे ‘व्हेरी टॉल’. मराठीतही ‘पूर्णपणे उंच’ असे कोणी म्हणत नाही. लिहिताना ‘कम्प्लीट’च्या अखेरचा ‘ई’ तसाच ठेवून ‘एल’ व ‘वाय’ जोडावे.

आपल्या शेऱ्यांतही हाच घोटाळा असतो. ‘वाचन पूर्णपणे येत नाही’ ह्या शेऱ्यावरून मूल कोठे अडले, हे पुढील इयत्तेच्या शिक्षकांस कळत नाही. मुळाक्षरे येतात, जोडाक्षरांपाशी अडतो, असे लिहिल्यास कळते.