उसाचे पान पिवळे पडले म्हणजे युरियाच कमी पडला असे नव्हे



खोडवा फुटून वर आला की गट ऑफिसात रोज एकच तक्रार येते, "साहेब, ऊस पिवळा पडलाय, युरिया कधी मिळणार?" आम्ही विचारतो, कोणते पान पिवळे आहे? खालचे की शेंड्याचे? त्यावर उत्तर मिळते, "अहो, सगळाच पिवळा दिसतोय." बांधावरून सगळाच दिसणार! सरीत उतरून बेटापाशी उभे राहिले की गोष्ट निराळी निघते.

नत्र कमी पडले तर आधी खालची, जुनी पाने पिवळी होतात. कारण पीक जुन्या पानांतले नत्र काढून कोवळ्या पानांना देते. अशा वेळी युरिया जरूर द्यावा, पण वाफशावर व मातीआड करून. सरीत पाणी तुंबले असेल तर आधी चर काढावा. गुदमरलेली मुळी खत उचलत नाही. खालच्या पानांच्या कडा व शेंडे करपल्यासारखे दिसले तर पालाशाकडे पाहावे.

शेंड्याची नवी पाने पिवळी, शिरा मात्र हिरव्या आणि खालची पाने चांगली, असे असेल तर तो लोहाचा केवडा. चुनखडीच्या जमिनीत, विशेषतः खोडव्यात, हा फार. गंमत अशी की जमिनीत लोह असते, पण चुन्यामुळे ते मुळीला मिळत नाही. युरियाची पोती ओतून हा केवडा जात नाही, आणि स्फुरद जादा झाले तर उलट वाढतो.

खात्री करायची तर १ लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, विरघळवून कापडाच्या बोळ्याने पिवळ्या पानाच्या एका भागावर लावावे व पानाला दोरा बांधून ठेवावा. आठ-दहा दिवसांत तेवढाच भाग हिरवा झाला तर केवडा ठरला. मग १० लिटर पाण्याला ५० ग्रॅम या प्रमाणात ताजे द्रावण करून उन्हे कलल्यावर फवारावे. गरज वाटल्यास आठ-दहा दिवसांनी पुन्हा. तांबूस झालेले शिळे द्रावण वापरू नये. जमिनीतून द्यायचे तर एकरी १० किलो हिराकस दसपट कुजलेल्या शेणखतात मिसळून, ओलसर करून चार-पाच दिवस मुरू द्यावे व मग सरीत द्यावे. चुनखडीत नुसते फेकलेले हिराकस वाया जाते.

आता खरी काळजीची गोष्ट. काही सभासद पांढरट पाने पाहून केवडाच समजतात आणि फवारत बसतात. निघतो तो गवताळ वाढीचा रोग. बेटाला गवतासारखे बारीक असंख्य फुटवे, पाने अरुंद व फिकट, गाळपाजोगा ऊस धरतच नाही. केवडा पट्ट्यापट्ट्याने दिसतो. रोगट बेट मात्र चांगल्या बेटांमध्ये एखाददुसरेच उभे असते. त्याला खत नाही नि औषध नाही. रोग बेण्यातून पसरतो, रस शोषणाऱ्या किडींमार्फतही पसरतो, म्हणजे शेजाऱ्याच्या उसालाही धोका. बेट मुळासकट उपटून जाळावे. अशा प्लॉटातले बेणे, जवळच्या पाहुण्याने मागितले तरी, देऊ नये. रोगट बेटे जास्त असतील तर खोडवाही राखू नये, मग पहिल्या तोडीला टनेज कितीही चांगले पडलेले असो. नव्या लागणीला सुमारे ५४ अंश सेल्सिअसच्या बाष्पयुक्त उष्ण हवेची प्रक्रिया केलेल्या बेण्यापासून वाढवलेल्या मळ्यातलेच बेणे घ्यावे, आणि मळा स्वतः फिरून पाहिल्याशिवाय गाडी भरू नये.