न्यायासनावरचा अनोळखी राजा

मराठी बायबलच्या जुन्या करारात ‘शास्ते’ या नावाचा एक ग्रंथ आहे. त्यातील ‘शास्ता’ हा शब्द मूळ हिब्रू ‘शोफेत’साठी योजलेला असून, न्याय करणारा आणि राज्यकारभार पाहणारा हे दोन्ही अर्थ त्या एकाच शब्दात सामावलेले आहेत. या ग्रंथातील दबोरा खजुरीच्या झाडाखाली बसून लोकांचे निवाडे करीत असे आणि शत्रूविरुद्ध लढण्यास इस्राएलला उभे करणारीही तीच होती. न्याय म्हणजे केवळ अपराध्याला शिक्षा नव्हे, तर नाडलेल्याची सुटका, ही कल्पना या शब्दाच्या मुळाशी आहे, आणि ती लक्षात घेतल्याशिवाय ख्रिस्ती धर्मातील ‘अंतिम न्याया’ची शिकवण नीट उलगडत नाही. ती ध्यानी न घेतल्यामुळेच या न्यायाचे नाव काढताच अनेकांच्या डोळ्यांपुढे फक्त नरकाग्नी उभा राहतो.

इस्राएलच्या परंपरेत खरा राजा देवच होता. शमुवेलाच्या पहिल्या ग्रंथाच्या आठव्या अध्यायात लोक इतर राष्ट्रांसारखा राजा मागतात, तेव्हा ही मागणी म्हणजे आपलेच राजपद नाकारणे होय, असे देव शमुवेलाला सांगतो. राजा तुमची मुले रथांच्या चाकरीला लावील आणि पिकाचा दहावा हिस्सा घेईल, असा इशाराही लोकांना दिला जातो. पुढे राजे झाले, पण विधवा, अनाथ आणि परदेशी यांचा न्याय होत नाही, म्हणून संदेष्ट्यांनी त्याच राजांना धारेवर धरले. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात परकीय सत्तेचा जाच वाढला, तेव्हा दानीएलाच्या ग्रंथातील सातव्या अध्यायाच्या दृष्टान्तात ही आशा नव्या रूपाने प्रकटली: आसने मांडली जातात, वह्या उघडल्या जातात, श्वापदांसारख्या साम्राज्यांची सत्ता काढून घेतली जाते आणि मनुष्यासारख्या दिसणाऱ्या एकाला अक्षय राज्य मिळते, असे ते दृश्य आहे.

येशूच्या शिकवणुकीच्या केंद्रस्थानी असलेले ‘देवाचे राज्य’ याच परंपरेतून आलेले आहे. ग्रीक नव्या करारातील ‘बासिलेया’ या शब्दाचा रोख एखाद्या मुलखापेक्षा राजाच्या सत्तेवर, म्हणजे ‘राज्य करणे’ या क्रियेवर अधिक आहे. म्हणूनच ते राज्य आलेले आहे आणि अजून यायचे आहे, अशा दोन्ही गोष्टी शुभवर्तमानांत शेजारीशेजारी आढळतात.

या राजाचा निवाडा कोणत्या कसोटीवर होणार, याचे सर्वांत प्रभावी चित्र मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात आहे. ‘मनुष्याचा पुत्र’, म्हणजे ख्रिस्त, वैभवाने सिंहासनावर बसतो आणि मेंढपाळ मेंढरे व शेरडे वेगळी करतो, तशी सर्व राष्ट्रांची विभागणी करतो. भुकेल्याला अन्न, तान्हेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची शुश्रूषा आणि बंदिवानाची भेट एवढ्याच गोष्टी तेथे विचारल्या जातात, कारण या दुबळ्यांपैकी एखाद्यासाठी जे केले वा टाळले ते आपल्याच बाबतीत घडले, असे राजा मानतो. मात्र या दृश्यातील सर्वांत विलक्षण गोष्ट पुष्कळदा नजरेतून निसटते, ती अशी की उजवीकडच्यांनी राजाला ओळखलेले नसते आणि डावीकडच्यांनीही नाही. आम्ही तुला कधी पाहिले, असा प्रश्न दोघेही विचारतात. राजाला ओळखून केलेली सेवा कोणत्याही दरबारात होते. येथे मोल आहे ते न ओळखता केलेल्या सेवेचे.

पुढे मंडळीने ही श्रद्धा सूत्रबद्ध केली. इ.स. ३२५ मध्ये निकियाच्या धर्मपरिषदेने स्वीकारलेल्या मतांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या अधिकृत सारांशात, ख्रिस्त जिवंतांचा व मृतांचा न्याय करण्यास येईल हे विधान आले, आणि ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेशी जोडल्या जाणाऱ्या विस्तारित मतांगीकारात त्याच्या राज्याचा अंत होणार नाही, याची भर पडली. पुत्राचे राज्य एके दिवशी संपेल, या अंकिरा नगराचा बिशप मार्सेलस याच्या मताला ते उत्तर होते. मृत्यूनंतर प्रत्येकाचा होणारा व्यक्तिगत न्याय आणि युगान्ती सर्वांचा होणारा सार्वत्रिक न्याय असा भेद कॅथलिक शिकवण करते.

पहिल्या महायुद्धात युरोपातील अनेक राजसिंहासने कोसळल्यानंतर, मुसोलिनी सत्तेवर असलेल्या रोममधून पोप अकरावे पायस यांनी डिसेंबर १९२५ मध्ये ‘ख्रिस्त राजा’चा सण सुरू केला, तो कोणतीही ऐहिक सत्ता अंतिम नाही, हे बजावण्यासाठी. १९६९ च्या सुधारणेनंतर तो उपासनावर्षाच्या अखेरच्या रविवारी येतो आणि त्या दिवशीची शुभवर्तमानातील वाचने तीन वर्षांच्या चक्राने बदलतात. एका वर्षी राजा न्यायासनावर असतो, दुसऱ्या वर्षी तो पिलातापुढे आरोपी म्हणून उभा असतो, आणि तिसऱ्या वर्षी तो क्रुसावर खिळलेला असून शेजारच्या अपराध्याला आपल्याबरोबर सुखलोकात येण्याचे वचन देतो. न्याय करणाऱ्याने स्वतः अन्यायाचा निवाडा सोसलेला आहे, हे या क्रमातून जितके स्पष्ट होते तितके कोणत्याही धर्मशास्त्रीय ग्रंथातून क्वचितच होत असेल.

महाराष्ट्रात ही राजपदाची कल्पना रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी आपल्या मातीतल्या शब्दात मांडली. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात जो बंधुसंघ उभारण्यास घेतला, त्याला त्यांनी ‘देवाचा दरबार’ हे नाव दिले. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाल्याने ते काम अपुरे राहिले. परंतु त्या दरबारात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जशी जागा होती, तशीच तो न घेतलेल्यांनाही होती.