बोगऱ्याचं शक्ती दही

रमजान अर्ध्यावर आला की घरोघरी जकातीचा हिशेब मांडला जातो. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त संपत्ती ज्याच्याकडे वर्षभर राहिली, त्याने तिचा अडीच टक्के हिस्सा गरजूंना द्यायचा, असा दंडक आहे. हा हिशेब करताना अनेकांना एक गोष्ट खटकते. गेल्या रमजानमध्ये जे हात दारात आले, तेच यंदाही येतात. दिलेल्या पैशाने ईद गोड होते, वर्ष नाही. व्यापारी माणूस तर आणखी पुढचं विचारतो: भांडवल फिरतं ठेवण्याची आपली अक्कल या कामी का येऊ नये?

शेजारच्या बांगलादेशात या प्रश्नाला हात घालणारा एक प्रयोग झाला. तो सरळसोट यशाचा नाही, म्हणूनच सांगण्यासारखा आहे.

तारणाशिवाय गरीब बायकांना छोटी कर्जं देणारी ग्रामीण बँक उभी करणारे प्रा. मुहम्मद युनूस (२०२४च्या उलथापालथीनंतर अंतरिम सरकारचे प्रमुख झाले तेच) २००५ साली पॅरिसमध्ये दानोन या बड्या दुग्धकंपनीचे प्रमुख फ्रँक रिबू यांच्याबरोबर जेवायला बसले होते. बोलता बोलता युनूस यांनी प्रस्ताव ठेवला: बांगलादेशातल्या कुपोषित मुलांसाठी मिळून एक कंपनी काढू. कंपनीने देणगी द्यावी, असं त्यांचं म्हणणं नव्हतं. पैसा गुंतवावा, तो यथावकाश परत घ्यावा, पण त्यापलीकडे नाममात्र एक टक्का लाभांश सोडला तर नफा वाटून घेऊ नये. उरेल ते त्याच कामात. युनूस याला सामाजिक व्यवसाय म्हणतात. दान केलेला पैसा एकदाच कामी येतो, इथे तोच पैसा पुन्हा पुन्हा कामाला लागतो, असा त्यांचा युक्तिवाद.

जागा निवडली उत्तरेकडचा बोगरा. साताऱ्याला जसे कंदी पेढे, तसं बोगऱ्याला दही. तिथे मुद्दाम छोटा कारखाना उभारला. आसपासच्या छोट्या गोपालकांकडून दूध घ्यायचं, त्यात लोह, जस्त, आयोडीन आणि अ जीवनसत्त्व मिसळून दही लावायचं आणि गावातल्याच बायकांनी ते दारोदार विकून कपामागे कमिशन मिळवायचं. नाव ठेवलं ‘शक्ती दोई’. ८० ग्रॅमच्या कपाची किंमत ५ टका. २००६च्या नोव्हेंबरात खुद्द फुटबॉलपटू झिनेदिन झिदान बोगऱ्यात येऊन गेला. एवढा गाजावाजा दह्याच्या वाट्याला क्वचितच आला असेल.

कारखाना नीट चालू लागतो न लागतो तोच २००८ साल उजाडलं. जगभर खाद्यपदार्थांचे भाव भडकले, दूधही महागलं. ५ टकात कप परवडेना. कंपनीने किंमत ८ टका केली आणि गावातली विक्री जवळपास ८० टक्क्यांनी कोसळली. शहरातला माणूस तीन रुपयांच्या वाढीवर कुरकुरतो आणि कप उचलतो. ज्या घरात दिवसाच्या मजुरीतून तांदूळ, तेल, रॉकेल काढायचं असतं, तिथे ते तीन टका म्हणजे उद्याचं मीठ-मिरची. पाच टकाचं दही परवडणारं आई-बापाचं घर आठ टकाला क्षणात गिऱ्हाईक राहिलं नाही.

विकणाऱ्या बायकांचीही अडचण होती. परक्या दारांवर फिरणं अनेक घरांतल्या पुरुषांना, सासवांना पसंत नव्हतं. विक्री घसरली तशी कमिशनची आशाही गेली. बऱ्याच जणींनी दह्याची पिशवी खाली ठेवली.

मग डोकं चालवावं लागलं. कप ६० ग्रॅमचा आणि किंमत ६ टका केली, पोषणद्रव्यांचं प्रमाण मात्र सांभाळलं. तोच माल ढाक्याच्या दुकानांत जास्त दराने ठेवला, म्हणजे शहरातल्या गिऱ्हाइकाच्या पैशावर गावातला कप तग धरेल. हा तोडगा हुशारीचा आहे, पण त्यात एक धोका दडलेला आहे. जिथे पैसा मिळतो, तिकडे माल ओढला जातो. बोगऱ्याच्या मुलांसाठी निघालेली गाडी ढाक्यालाच थांबू नये, ही काळजी तेव्हापासून या कंपनीच्या मागे लागली.

टीकाकारांचं म्हणणं याहून कडक. सहा टका ज्याच्याकडे आहेत त्याच्या मुलाला दही मिळतं. ज्याच्याकडे तेही नाहीत, त्याचं काय? या प्रश्नाला सामाजिक व्यवसायाकडे उत्तर नाही, आणि युनूस यांच्या उत्साही चाहत्यांनी ते मान्य करायला हरकत नसावी. अगदी तळाच्या घरासाठी जकात, सदका, सरकारी पोषण आहार हेच लागतं. त्याच्या वरच्या पायरीवर, जिथे चार पैसे हातात येतात पण पुरत नाहीत, तिथे मात्र दूध विकत घेणारा कारखाना खैरातीपेक्षा जास्त उपयोगी पडतो. एक गाय बाळगणाऱ्या घराला रोज बांधलेलं गिऱ्हाईक मिळतं, आणि ते ईदनंतरही दुसऱ्या दिवशी दूध घ्यायला येतं.

युनूस यांची आणखी एक मागणी दानोनच्या मंडळींना चक्रावून गेली. प्लास्टिकचा कप नको, असं ते म्हणाले, तेव्हा मक्याच्या पिठूळ अंशापासून केलेला, मातीत कुजणारा कप पुढे आला. तो हातात घेऊन त्यांनी विचारलं, हा खाता येतो का? गरीब माणसाने फेकून द्यायच्या वस्तूचे पैसे का मोजायचे?