विश्लेषण : झिंगलेल्या कुंग फूने जॅकी चॅनला स्टार कसे केले?

हाँगकाँगच्या 'ड्रंकन मास्टर' (१९७८) या विनोदी चित्रपटाने कुंग फूपटांना हसायला शिकवले आणि सतत अपयशी ठरणाऱ्या एका तरुण नटाची कारकीर्द सावरली. ही किमया कशी घडली, याविषयी…

दुसरा ब्रूस ली कोण?

ब्रूस लीचे १९७३ मध्ये निधन झाले आणि हाँगकाँगचे निर्माते त्याची जागा घेणाऱ्याच्या शोधाला लागले. ब्रूस लीचा 'फिस्ट ऑफ फ्युरी' दिग्दर्शित करणाऱ्या लो वेई यांनी जॅकी चॅनला पुढे आणले. ब्रूस ली पडद्यावर 'छोटा ड्रॅगन' होता. चॅनला नाव मिळाले 'सिंग लुंग', म्हणजे 'ड्रॅगन हो'! मात्र संतप्त, सूडाने पेटलेला नायक त्याला शोभेना. 'न्यू फिस्ट ऑफ फ्युरी' (१९७६) आपटला.

संधी कशी मिळाली?

निर्माते एनजी सी-युएन यांनी चॅनला लो वेईंकडून उसना घेतला. दिग्दर्शनाची धुरा युएन वू-पिंग या नवख्या दिग्दर्शकाकडे होती. 'स्नेक इन द ईगल्स शॅडो' चालला आणि त्याच वर्षी हीच मंडळी 'ड्रंकन मास्टर' घेऊन आली. मद्यपी गुरूच्या भूमिकेत दिग्दर्शकाचेच वडील, युएन सियू-तिएन होते.

धाडस कोणते होते?

नायक वाँग फेई-हुंग ही चीनमधील खरी व्यक्ती (१८४७-१९२५). हा कुंग फू निपुण वैद्य १९४९ पासून डझनावारी चित्रपटांत धीरगंभीर, आदर्श गुरू म्हणून दिसत आला होता. इथे मात्र तो उनाड, मार खाणारा पोरगा आहे. वैतागलेले वडील त्याला गुरूच्या हवाली करतात. गुरू त्याला उलटा टांगून छोट्या कपांनी खालच्या बादल्यांतले पाणी वर भरायला लावतो.

मद्यपी कुंग फू म्हणजे काय?

ही खरोखरच अस्तित्वात असलेली शैली आहे. तीत झोकांड्या हे सोंग असते. तोल गेल्याचे भासवून प्रतिस्पर्ध्याला चकवायचे असते. चित्रपटात तिचे आठ प्रकार चिनी परंपरेतील आठ अमर सिद्धांच्या नावाचे आहेत. त्यातला स्त्री सिद्धाचा प्रकार नायक 'बायकी' म्हणून शिकतच नाही. वडिलांच्या जिवावर उठलेल्या मारेकऱ्याशी लढताना नेमका तोच लागतो. मग काय, लाजत-मुरडत स्वतःच रचलेल्या पवित्र्यांनी तो बाजी मारतो!

पुढे काय झाले?

चॅन स्टार झाला. मार बसल्यावर कळवळणारा, पडून पुन्हा उठणारा नायक ही त्याची कायमची ओळख बनली. २०१६ मध्ये त्याला मानद ऑस्करने गौरवण्यात आले. युएन वू-पिंग यांनी पुढे 'द मेट्रिक्स'ची (१९९९) साहसदृश्ये रचली. दुसरा ब्रूस ली होण्याचा नाद सोडला, तेव्हाच पहिला जॅकी चॅन जगाला मिळाला.