खाऱ्या पाण्याच्या पेटींतील गोगलगाई



वर्ध्याहून मुंबईचा समुद्र रेल्वेनें सुमारें ७५० किलोमीटर दूर आहे. तथापि दर लिटर पाण्यास सुमारें ३५ ग्रॅम सागरी क्षारांचें मिश्रण घातलें, म्हणजे येथेंहि खाऱ्या पाण्याची पेटी ठेवितां येते. स्वयंपाकाच्या मिठानें मात्र हें काम भागत नाहीं. अशा पेटींत दगड अथवा शेवाळ आणून ठेविलें, कीं त्याबरोबर एखादा मऊ, बिनशंखाचा प्राणी न बोलावितां येतो. पावसाळ्यांत बागेंत दिसणाऱ्या बिनशंखाच्या गोगलगाईचा हा दूरचा आप्त होय. त्यास ओळखावें कसें व खावयास काय द्यावें, याचा आज विचार करूं.

प्रथम त्याची पाठ पाहावी. डोक्यावर दोन शिंगें आणि पाठीच्या मागील टोंकास फुलासारखा कल्ल्यांचा झुबका असेल, तर तो डोरिड वर्गांतला होय. याचें अन्न बहुधा स्पंज. तोहि ज्याचा त्याचा ठराविक.

पाठभर बोटांसारखीं उपांगें असतील, तर तो इओलिड. हा समुद्रफुलांसारख्या दंश करणाऱ्या प्राण्यांवर जगतो आणि त्यांचेच दंशकोश आपल्या उपांगांच्या टोंकांत सांठवून स्वतःचें रक्षण करितो! यांपैकीं बर्घिया नांवाचा प्राणी केवळ ऐप्टेशिया नामक उपद्रवी समुद्रफूल खातो. म्हणून लोक तो मुद्दाम आणितात. परंतु तें फूल संपलें, कीं बिचारा उपाशी मरतो.

अंग हिरव्या पानासारखें असेल, तर तो एलिशिया असण्याचा संभव आहे. तो शेवाळाचा रस शोषितो आणि त्यांतील हरितकण कांहीं काळ अंगीं बाळगितो.

चौथा समुद्रससा. कानांसारख्या शृंगांमुळें हें नांव पडलें. डिवचल्यास तो जांभळी शाई सोडितो. याच प्राण्यावर स्मृतीचे प्रयोग करून एरिक कँडेल यांनीं २००० सालचें नोबेल पारितोषिक मिळविलें.

आतां अन्नाचा प्रश्न. समुद्रससा पेटींतील शेवाळ झपाट्यानें संपवितो. त्यानंतर वाळविलेल्या, बिनमसाल्याच्या समुद्रशेवाळाचे तुकडे दगडास बांधून द्यावेत. पंपाच्या तोंडास जाळी लावावी, नाहींतर तो आंत ओढला जातो. माशांच्या औषधांत तांबें असल्यास तें पेटींत कदापि घालूं नये. या प्राण्यांना तें प्राणघातक आहे.

इतरांचें दुखणें निराळें. माशांचें खाद्य त्यांस चालत नाहीं. रंगावर भाळून विकत आणिलेला डोरिड आपला स्पंज न मिळाल्यानें झिजत जातो. कित्येकांच्या अंगीं विषहि असतें. असा प्राणी पेटींत मरून कुजला, तर पाणी बिघडून माशांनाहि धोका संभवतो. यास्तव मेलेला प्राणी तत्काळ काढून कांहीं पाणी बदलावें.

दुकानदारास किंमत विचारण्यापूर्वी "हा काय खातो?" असें विचारावें. उत्तर मिळालें नाहीं, किंवा तें अन्न आपणांस पुरवितां येण्याजोगें नसलें, तर रिकाम्या हातानें घरीं यावें. मुलांना तो प्राणी दाखवावयाचाच असेल, तर सुटींत त्यांना कोंकणच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळीं न्यावें. तेथें डबक्यांत वांकून शांतपणें पाहावें आणि त्यास तेथेंच राहूं द्यावें.