जुनी गाडी समृद्धीवर काढताय? मग उन्हाळ्यात हवा कमी भरायची सवय आधी सोडा...

मालेगाव म्हटलं की बहुतेकांना आठवतं ते नाशिक जिल्ह्यातलं, यंत्रमागाचं मालेगाव. पण आपल्याकडं अजून एक मालेगाव आहे, वाशिम जिल्ह्यातलं. तालुक्याचं ठिकाण, गाड्यांच्या नंबर प्लेटवर एमएच ३७. अकोल्यावरून वाशिमला जाणारा रस्ता आणि नागपूरहून कारंजा, शेलूबाजार, मेहकर करत छत्रपती संभाजीनगरकडं जाणारा जुना रस्ता, हे दोन्ही इथं येऊन भेटतात.

अशा गावात जुनी गाडी म्हणजे घरातलं माणूसच. कुणाकडं मारुती ८००, कुणाकडं ओम्नी, कुणाकडं सेकंड हँड घेतलेली अल्टो नाहीतर इंडिका. सकाळी तालुक्याचं काम, दुपारी शेतात खताच्या गोण्या, रात्री लग्नाला सहा जण. गाडी चालतीये म्हटल्यावर कशाला हात लावायचा, हा सरळ हिशोब. खड्ड्यांच्या रस्त्यावर ५०-६० च्या स्पीडनं तो हिशोब बऱ्यापैकी चालूनही जायचा.

मग आला समृद्धी महामार्ग.

११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा सुरू झाला. ५ जून २०२५ ला शेवटचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. मालेगावजवळ या रस्त्याचा इंटरचेंज आहे. म्हणजे कालपर्यंत वाशिमच्या बाजारात जाणारी गाडी आज सरळ अशा रस्त्यावर चढते, जिथं कारसाठी वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे.

गाडी तीच, टायर तेच आणि सवयीही त्याच. खरा धोका आहे तो या सवयींचा. चांगली गोष्ट अशी की त्यातल्या बऱ्याचशा घरच्या अंगणात, अर्ध्या तासात सुधारता येतात. त्यासाठी मेकॅनिक असण्याची गरज नाही.

सुरुवात टायरपासून करू, कारण सगळ्यात मोठा गैरसमज तिथंच आहे.

उन्हाळ्यात हवा कमी भरायची का ?

एप्रिल-मे मध्ये विदर्भात पारा ४५ च्या आसपास जातो. मग पंक्चरच्या दुकानात हमखास ऐकू येतं, "ऊन लय आहे, दोन पॉइंट कमीच भरतो, नाहीतर टायर फुटंल." ऐकायला बरोबर वाटतं. गरम झाल्यावर हवा फुगणार, मग आधीच कमी भरलेली बरी. पण प्रत्यक्षात होतं उलटं.

टायर गरम झाल्यावर आतला दाब वाढतो हे खरंय. साधारण ५ ते ६ अंश तापमान वाढलं की दाब १ पॉइंटनं म्हणजे १ पीएसआयनं वाढतो. पण टायर बनवणाऱ्याला हे माहिती असतं. कंपनीनं सांगितलेला दाब थंड टायरसाठीच असतो आणि चालताना तो चार-पाच पॉइंटनं वाढणार हे त्यात धरलेलं असतं.

आता हवा कमी असली की काय होतं ते बघा. टायर रस्त्याला टेकतो तिथं तो चपटा होतो आणि त्याची बाजूची भिंत वाकते. चाक पुढं गेलं की ती परत सरळ होते. प्रत्येक फेरीला हे वाकणं-सरळ होणं चालू असतं. एखादी तार हातात धरून सारखी वाकवत राहिलं की ती गरम होते आणि शेवटी तुटते, तसाच प्रकार. हवा जेवढी कमी, तेवढी भिंत जास्त वाकणार आणि तेवढी उष्णता जास्त तयार होणार.

यात स्पीड धरा. मारुती ८०० चं १२ इंची चाक ताशी ६० किलोमीटरला मिनिटाला साधारण ६३० फेऱ्या मारतं. ताशी १०० ला हाच आकडा हजाराच्या वर जातो. एका मिनिटात हजार वेळा भिंत वाकणार, वरून ऊन, खाली तापलेला सिमेंटचा रस्ता आणि गाडीत सहा माणसं. आतली उष्णता बाहेर पडायला वेळच मिळत नाही. रबर आणि आतल्या दोऱ्यांचे थर एकमेकांपासून सुटायला लागतात आणि एका क्षणी टायर फुटतो. ६० च्या स्पीडला फुटला तर गाडी सावरता येते. १०० ला सावरणं खूप अवघड.

म्हणून नियम सोपा आहे. ड्रायव्हरचा दरवाजा उघडा. तिथं खांबावर एक स्टिकर असतो, त्यावर पुढच्या आणि मागच्या टायरचा दाब लिहिलेला असतो. गाडी भरलेली असेल तर वेगळा आकडा असतो, तोही बघा. स्टिकर गेला असेल तर गाडीच्या पुस्तकात सापडेल. तेवढीच हवा भरायची, उन्हाळा असो नाहीतर हिवाळा.

हवा मोजायची ती सकाळी, गाडी चालवायच्या आधी. वाटेत मोजली आणि आकडा जास्त आला तर हवा सोडायची नाही, तो गरम टायरचा आकडा असतो. हवा मोजायचा एक साधा गेज घरी असला की पंपावरच्या मीटरवर विसंबून राहावं लागत नाही.

टायरचं वय कसं ओळखायचं ?

गाडी कमी चालली म्हणजे टायर नवा, हा दुसरा गैरसमज. रबर वापरलं नाही तरी ऊन-वाऱ्यानं कडक होतं.

टायरच्या बाजूवर इंग्रजीत डीओटी ही अक्षरं आणि त्यापुढं एक लांब नंबर असतो. त्यातले शेवटचे चार आकडे म्हणजे टायरची जन्मतारीख. २३१९ लिहिलं असेल तर टायर २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलाय. बाहेरच्या बाजूला हे चार आकडे दिसले नाहीत तर आतल्या बाजूला बघा, कधी कधी ते एकाच बाजूला असतात.

टायर कंपन्यांचा सर्वसाधारण सल्ला असा की, ५ वर्षं झाली की दरवर्षी जाणकाराकडून टायर तपासून घ्यायचा आणि १० वर्षं झाली की नक्षी शिल्लक असली तरी बदलायचा. बाजूला बारीक चिरा, फुगवटा किंवा तार दिसली तर वय बघत बसायचं नाही. स्टेपनीलाही हाच नियम. डिकीत गाडीच्याच वयाची स्टेपनी पडून असेल तर ऐनवेळी तिचा भरवसा नाही.

नक्षी बघायची तर खाचांच्या आत छोटे उंचवटे असतात, त्यांची उंची १.६ मिलीमीटर असते. वरचं रबर झिजून त्या उंचवट्यांच्या बरोबरीला आलं की टायर संपला. २०२३ मध्ये परिवहन विभागानं समृद्धीवर टायर तपासायची मोहीम घेतली, तेव्हा असेच गुळगुळीत टायर त्यांच्या रडारवर होते.

रेडिएटर आणि कुकरचं नातं

समृद्धीवर जुन्या गाडीची दुसरी परीक्षा म्हणजे इंजिन गरम होणं. गावात गाडी दहा-पंधरा मिनिटं चालते आणि थांबते. इथं ती तास-दीड तास सलग पळते.

आपल्याकडं रेडिएटरमध्ये सर्रास बोअरचं पाणी टाकलं जातं. चहाच्या भांड्याला आतून पांढरा थर बसतो तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांमध्येही बसतो. नळ्या चोंदल्या की पाणी फिरत नाही आणि इंजिन तापतं. कूलंट टाकायचं कारण हेच. ते गंज आणि थर रोखतं आणि पाण्यापेक्षा जास्त तापमानाला उकळतं. तयार मिळणारं कूलंट तसंच ओतायचं. घट्ट मिळणारं असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात मिसळायचं.

बोनेटखाली कूलंटची प्लास्टिकची टाकी असते आणि तिच्यावर कमाल-किमानच्या दोन रेषा असतात. इंजिन थंड असताना पातळी या दोघांच्या मध्ये पाहिजे. दर आठवड्याला कमी होत असेल तर कुठंतरी गळती आहे. वरून ओतत राहू नका, गळती शोधून घ्या.

सगळ्यात महत्त्वाचं, गरम इंजिनचं रेडिएटरचं झाकण कधीही उघडायचं नाही. हे झाकण कुकरच्या शिट्टीसारखं काम करतं. आत दाब धरून ठेवतं, म्हणून आतलं पाणी १०० अंशाच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब जातो, पाणी एकदम उकळतं आणि थेट तोंडावर येतं. काटा वर गेला तर एसी बंद करा, गाडी सुरक्षित जागी बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि किमान अर्धा तास हात लावू नका.

बोनेट उघडलंच आहे तर...

ऑइल : गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं झालेली. ऑइलची पट्टी काढा, फडक्यानं पुसा, परत आत घाला, काढा आणि बघा. पातळी दोन खुणांच्या मध्ये पाहिजे. ऑइल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी मिसळतंय, गाडी चालवू नका.

बॅटरी : टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी दिसते ना, तिच्यामुळं गाडी स्टार्ट घेत नाही आणि दोष बॅटरीला जातो. आधी मायनसची वायर काढा, मग प्लसची. गरम पाण्यात खाण्याचा सोडा टाकून जुन्या ब्रशनं घासा, कोरडं करा. लावताना उलटा क्रम, मायनस शेवटी.

एअर फिल्टर : शेतरस्त्याच्या धुळीनं तो लवकर भरतो. कागदी फिल्टर हलकेच आपटून धूळ काढा, पाण्यानं धुऊ नका. काळा पडला असेल तर बदला.

बेल्ट : बाहेरून दिसणाऱ्या बेल्टला चिरा आहेत का बघा. टायमिंग बेल्ट मात्र झाकणाच्या आत असतो, तो डोळ्यांनी दिसत नाही. गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या किलोमीटरला तो बदलून घ्यायचा. सेकंड हँड गाडी घेतली आणि आधी कधी बदलला ते माहितीच नसेल तर आत्ता बदलला असं समजून चालू नका, बदलूनच घ्या.

कुठं थांबायचं ?

घरची दुरुस्ती करताना हे कळणं सगळ्यात गरजेचं. ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग आणि सीएनजी किट या चार गोष्टींना घरी हात लावायचा नाही.

ब्रेक ऑइलची पातळी मात्र तुम्ही बघू शकता. ती खाली गेली असेल तर एकतर ब्रेक पॅड झिजलेत किंवा गळती आहे. नुसतं ऑइल ओतून वेळ मारून नेऊ नका. हे ऑइल हवेतलं बाष्प शोषतं, त्यामुळं कालांतरानं ते कमी तापमानाला उकळायला लागतं. सलग जोरात ब्रेक मारल्यावर पेडल एकदम मऊ लागतं ते यामुळं. साधारण दोन वर्षांनी ते बदलून घेतलेलं चांगलं. सीएनजी सिलेंडरची हायड्रो टेस्ट दर तीन वर्षांनी करावीच लागते.

आणि एक गोष्ट, जी सांगूनही लोक करतात. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नका. जॅक चाक बदलण्यापुरता असतो. मातीत तो खचतो, खाली ठेवलेली वीट फुटते आणि आठशे किलोची गाडी अंगावर येते.

एवढं करण्यापेक्षा नवीन गाडी घेतलेली बरी ना ?

ज्याला जमतं त्यानं घ्यावी. पण प्रत्येकाला जमत नाही. शिवाय या गाड्या बनल्याच अशा की घरच्या माणसाला समजाव्यात. १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं, पण तिचं ७९६ सीसीचं तीन सिलेंडरचं इंजिन ओम्नीलाही होतं आणि अल्टोलाही. त्यामुळं तालुक्याच्या गावातही पार्ट मिळतो आणि तो बसवणारा हातही मिळतो.

कागदांचं मात्र लक्षात ठेवा. खाजगी कारची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढं गाडी तपासून ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. आधी ६०० रुपयांत होणारं हे काम १ एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपयांवर गेलं आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांपेक्षा जुन्या कारसाठी १०,००० रुपये झालं. गाडी वर्षभर नीट ठेवली असेल तर निदान या तपासणीच्या वेळी एकदम मोठा खर्च निघत नाही.

एवढं सगळं करूनही गाडी वाटेत बंद पडू शकते. तेव्हा ती डाव्या कडेला घ्या, चारही इंडिकेटर लावा, लाल त्रिकोण बराच मागं ठेवा. सगळ्यांना गाडीतून उतरवून रेलिंगच्या पलीकडं उभं करा आणि मगच ११२ ला फोन लावा. शंभरच्या स्पीडनं येणाऱ्या ट्रकसमोर उभ्या गाडीत बसून राहणं, हा पंक्चरपेक्षा मोठा धोका आहे.

आणि स्पीडचं म्हणाल तर १२० ही मर्यादा आहे, तेवढं पळवलंच पाहिजे असा नियम नाही. जुनी गाडी डाव्या लेनमधून ८० नं चालवली तरी ती जुन्या रस्त्यापेक्षा लवकरच पोहोचते.

बाकी पुढच्या वेळी कुणी "ऊन आहे, दोन पॉइंट कमी भरतो" म्हणालं, तर दरवाजा उघडून तो स्टिकर दाखवा.